मदत हवी आहे : जुन्या पोर्शे ९११ ला पुढचा जाड स्वे बार बसवण्याआधी बॉडीचा पत्रा कसा मजबूत करावा?

नमस्कार. माझ्याकडे १९७२ सालची पोर्शे ९११ आहे. तिचा पुढचा स्वे बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा, पिळला जाणारा दांडा) बदलून अधिक जाडीचा बार बसवण्याचा विचार आहे. मात्र त्याआधी ज्या पत्र्यावर हा बार टेकतो, त्या पत्र्याला बळकटी देणे अटळ झाले आहे. पत्रेकाम आणि सस्पेन्शन या दोन्हींची जाण असलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ज्यांनी ही गाडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. १९७३ पर्यंतच्या ९११ मध्ये पुढचा स्वे बार गाडीच्या खालून जात नाही, तर बॉडीच्या आरपार जातो. पुढच्या डिकीच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यांना भोके असतात, त्या भोकांवर बुश (बारभोवतीची रबरी कडी) धरणारे ब्रॅकेट बोल्टने आवळलेले असतात, आणि बाहेर आलेल्या टोकांवर बसवलेले आर्म एका लहान लिंकने खालच्या कंट्रोल आर्मला (चाक बॉडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या भुजेला) जोडलेले असतात. १९७४ पासून कंपनीने ही पद्धत सोडून गाडीखालून जाणारा इंग्रजी यू आकाराचा बार दिला. तो बार माझ्या गाडीला लावायचा तर कंट्रोल आर्मही त्या काळचे लागतात. मला गाडी तिच्या सालाला धरून ठेवायची असल्यामुळे आरपार जाणारा बारच कायम ठेवणार आहे.

सध्या गाडीत १५ मिमीचा बार आहे. साफसफाईसाठी ब्रॅकेट काढून रंग खरवडल्यावर डाव्या बाजूला बोल्टच्या भोकांपासून निघालेल्या बारीक चिरा दिसल्या, आणि त्यांपैकी एक स्पॉट वेल्डच्या (पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडणाऱ्या वेल्डच्या) रांगेपर्यंत पोहोचलेली आहे. उजव्या बाजूला चीर नाही, पण एक भोक लांबट झाले आहे. डाव्या बाजूस पूर्वी कोणीतरी एक लहान चौकोनी पट्टी ठेवून ती चारही कडांनी सलग वेल्ड केलेली आहे, आणि सर्वांत मोठी चीर नेमकी त्या पट्टीच्या खालच्या कडेला समांतर गेलेली आहे. म्हणजे बळकटीसाठी घातलेल्या ठिगळानेच पुढच्या चिरेची जागा आखून दिली, असा अर्थ मी काढतो, आणि नव्या पट्टीच्या बाबतीत तेच पुन्हा घडू नये ही माझी मुख्य चिंता आहे.

बारची जाडी वाढवल्याने पत्र्यावरचा भार किती वाढेल, याचा ढोबळ हिशेब मी केला आहे. पिळाला होणारा भरीव बारचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे १५ मिमीच्या तुलनेत १९ मिमीचा बार सुमारे २.६ पट आणि २२ मिमीचा बार सुमारे ४.६ पट ताठ होतो. पिळल्या जाणाऱ्या भागाची लांबी ७०० मिमी आणि आर्मची लांबी २०० मिमी धरली, आणि वळणावर एका बाजूची लिंक २५ मिमी वर व दुसरी तेवढीच खाली गेली असे मानले, तर प्रत्येक लिंकमध्ये १५ मिमीच्या बारने सुमारे ७० किलो, १९ मिमीच्या बारने सुमारे १८५ किलो आणि २२ मिमीच्या बारने सुमारे ३३० किलो इतका जोर येतो. हा जोर एका पत्र्याला वर आणि दुसऱ्याला खाली ओढतो, आणि वळण उलट बाजूचे आले की दिशाही उलटते. एक मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेला, पन्नास वर्षांहून अधिक जुना, जस्ताचा थर नसलेला पत्रा असा उलटसुलट भार किती काळ सोसणार, हा प्रश्न मला साधा वाटत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. नवी पट्टी किती जाडीची घ्यावी, आणि तिचा आकार ब्रॅकेटपेक्षा किती मोठा असावा? ती पत्र्याच्या एकाच बाजूस लावावी की दोन्ही बाजूंनी लावून मधला पत्रा त्यांत धरावा? कडेने सलग वेल्डिंग करावे, तुकड्यातुकड्याने करावे, की पट्टीला भोके पाडून ती वेल्डने भरावीत? रबरी बुश ठेवावेत की कठीण पॉलियुरेथेनचे घ्यावेत, आणि या निवडीचा पत्र्यावर काही परिणाम होतो का? शेवटची शंका अशी की १९ आणि २२ मिमी यांपैकी कोणता बार या बॉडीला झेपेल? गाडी रस्त्यावर चालते, पण वळणावळणाच्या रस्त्यांवर ती जोमाने चालवण्याची मला आवड आहे.

प्रतिसाद १

चिरेचा आपण लावलेला अर्थ बरोबर आहे. पातळ आणि जाड पत्रा जिथे एकदम भेटतात तिथे ताण एकवटतो, आणि त्याच रेषेवर सलग वेल्ड घातला तर उष्णतेने बदललेला पत्राही तिथेच येतो. म्हणून नवी पट्टी करताना जाडीपेक्षा तिच्या कडा कुठे संपतात याकडे अधिक लक्ष द्यावे. सपाट पत्र्याच्या मधोमध संपणारी पट्टी, ती कितीही जाड असली तरी, भार फक्त थोडा पलीकडे ढकलते. तीच पट्टी वरच्या आणि खालच्या घडीपर्यंत, म्हणजे जिथे पत्रा वळून दुसऱ्या पत्र्याला मिळतो तिथपर्यंत नेली आणि त्या घडीवर थोडी वळवून जोडली, तर भार पत्र्याच्या पोटावर न राहता त्याच्या कण्यावर जातो. जाडी १.६ ते २ मिमी पुरेशी आहे. ३ मिमीची पट्टी एक मिमीच्या पत्र्याला जोडताना वेल्डिंग अवघड होते आणि ताठपणातील फरकही उगाच वाढतो. कोपरे मोठ्या गोलाईचे ठेवावेत, आणि जी कड सपाट भागावर संपणे टाळता येत नाही ती सरळ न ठेवता निमुळती करावी.

पट्टी लावण्याआधी चिरा दुरुस्त कराव्यात. त्यांच्यावर पट्टी झाकून काम उरकू नये. जुने ठिगळ काढून टाकावे, चिरेचे खरे टोक भेदक रंगाच्या चाचणीने (चिरेत शिरणारा रंग लावून) शोधावे, कारण डोळ्यांना दिसते त्यापेक्षा चीर बहुधा पुढे गेलेली असते. टोकाला सुमारे ३ मिमीचे भोक पाडून मगच ती वेल्डने भरून घासावी. स्पॉट वेल्डपर्यंत पोहोचलेल्या चिरेजवळचा पत्रा पातळ झालेला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवणेच योग्य ठरेल.

वेल्डिंगबाबत माझे मत मिश्र पद्धतीचे आहे. पट्टीच्या अंगात ६ ते ८ मिमीची भोके विखरून पाडावीत आणि ती मिगने (तारेच्या वेल्डिंगने) भरावीत, कडांना मात्र २० ते २५ मिमीचे तुकडे अंतर सोडून घालावेत, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जात प्रत्येक तुकडा निवू द्यावा. ०.६ मिमीची तार घेतल्यास पातळ पत्रा जळण्याची भीती कमी होते. बोल्ट जिथून जातात तिथे पोकळी असेल तर नळीचे तुकडे आरपार घालून दोन्ही तोंडांना वेल्ड करावेत, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा आत चेपतो आणि काही दिवसांत बोल्टची पकड सैल पडते. भोक लांबट होण्यामागे अशी सैल पडलेली पकड हे नेहमीचे कारण असते. पट्टी एकाच बाजूस लावायची झाल्यास ज्या बाजूस ब्रॅकेट टेकतो त्या बाजूस लावावी आणि पलीकडे बोल्टखाली रुंद प्लेट द्यावी.

प्रतिसाद २

बुशचा प्रश्न आपण शेवटाकडे विचारला आहे, पण माझ्या मते निम्मी चीर तिथेच जन्मते. आर्म आणि बुश यांच्यात थोडे आडवे अंतर असतेच, त्यामुळे जोर आला की बार पिळतो तसा किंचित वाकतोही. या वाकण्याने बुशमधून जाणाऱ्या भागाचा कोन बदलतो. रबर तो कोन सहज सोसते. कठीण पॉलियुरेथेनचा किंवा धातूचा घट्ट बुश तो कोन बदलू देत नाही, आणि मग ती मुरड ब्रॅकेटमधून थेट पत्र्यात जाते. उभा पत्रा उभ्या दिशेचा जोर चांगला पेलतो. त्याला आतबाहेर हलवणारी मुरड मात्र पेलवत नाही, आणि तेलाच्या डब्याच्या तळासारखा तो आतबाहेर होऊ लागला की चिरा अटळ असतात. म्हणून जाड बार घ्यायचा असेल तर गोलाकार बेअरिंग असलेला ब्रॅकेट पाहावा, म्हणजे बार ताठ धरला जातो आणि कोनालाही मोकळीक मिळते. धूळपाण्यापासून बेअरिंगचे रक्षण करावे लागते, ही त्याची किंमत आहे.

आता बारच्या जाडीविषयी. या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने सुमारे साठ टक्के वजन मागे असते. पुढचा बार ताठ केला की वळणावर वजनाच्या आडव्या सरकण्याचा अधिक वाटा पुढच्या चाकांवर येतो. त्यामुळे मागची बाजू घसरण्याची प्रवृत्ती कमी होते, पण बारचा ताठपणा मर्यादेपलीकडे नेला तर पुढचे आतले चाक रस्ता सोडते आणि गाडी वळण्यास नाराजी दाखवते. २२ मिमीचा भरीव बार रस्त्यावरच्या गाडीला मी सुचवणार नाही. १८ किंवा १९ मिमी पुरे आहे, आणि त्याहून अधिक ताठपणा हवा असेल तर तो स्प्रिंगमधून घ्यावा. या गाडीत पुढे स्प्रिंगच्या जागी पिळाचे दांडेच आहेत, मूळ १८.८ मिमीच्या जागी २१ मिमीचे घातले तर ताठपणा सुमारे दीडपट होतो आणि तो भार बॉडीच्या या पत्र्यावर अजिबात येत नाही. केवळ वजन वाचवायचे असेल तर पोकळ बारचाही विचार करता येईल : २२ मिमी व्यासाचा, ३ मिमी भिंतीचा बार भरीव बारच्या निम्म्याहून कमी वजनात सुमारे ७२ टक्के ताठपणा देतो. अर्थात पत्र्याला वजनाशी कर्तव्य नाही, ताठपणाशी आहे, आणि तो १९ मिमीच्या भरीव बारपेक्षाही जास्तच राहतो.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. बुश आणि पत्रा यांचा हा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता, आणि आता १९ मिमीचा बार व गोलाकार बेअरिंगचे ब्रॅकेट असे ठरवतो आहे. एक शंका उरते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वेल्ड करताना दोन भोके एका रेषेत राहतील याची खात्री कशी करावी? उजवे भोक लांबट झालेले असल्याने मूळ खुणेवर विसंबता येत नाही.

प्रतिसाद १

बारलाच साचा करावे. दोन्ही ब्रॅकेट नव्या पट्ट्यांवर बोल्टने बसवावेत, बार त्यांतून आरपार घालावा, आणि तो हाताने सहज फिरतो आहे हे पाहत पाहत पट्ट्या ठिपक्यांनी पकडाव्यात. प्रत्येक ठिपक्यानंतर बार फिरवून पाहावा. जड वाटला तर तो ठिपका तोडून पुन्हा घ्यावा. उजव्या बाजूची उंची मूळ भोकावरून न घेता डाव्या बाजूवरून आणि सस्पेन्शनच्या खालच्या जोडबिंदूंवरून मापून आणावी. या वेळी गाडी एका जॅकवर तिरकी उभी नसावी, चारही बाजूंनी समतल टेकवलेली असावी, नाहीतर बॉडी किंचित पिळलेल्या स्थितीतच पट्ट्या पक्क्या होतील. पूर्ण वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी बेअरिंग आणि बार काढून ठेवावेत, कारण उष्णता आणि ठिणग्या दोन्ही बेअरिंगला घातक असतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या गाडीची पेट्रोलची टाकी पुढेच आहे. ती रिकामी करून जागेवर ठेवणे पुरेसे नाही, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. टाकी आणि तिच्या नळ्या काढून कामाच्या जागेपासून दूर न्याव्यात. १९६९ ते १९७३ च्या गाड्यांत पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक बॅटरी असते, त्या दोन्ही काढाव्यात आणि त्यांच्या खालचा पत्राही तपासावा, कारण आम्लाने तो आतून खाल्लेला असू शकतो. काम झाल्यावर पट्टीच्या कडांना इपॉक्सी प्रायमर आणि सीलर लावून पत्र्यांच्या मधल्या फटीत पातळ मेण सोडावे. खालच्या कंट्रोल आर्मवर लिंक जिथे जोडली जाते ती कानपट्टीही याच वेळी पाहून घ्यावी. पत्रा मजबूत झाल्यावर पुढचा कच्चा दुवा बहुधा तीच ठरते, आणि तिला मागून एक लहान त्रिकोणी आधार वेल्ड करणे आर्म बाहेर काढलेला असतानाच सोपे जाते.