अनुभव धागा: तुमच्याकडे 'लाईन' कशाला म्हणतात?

कसब्यातली काकू

आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोइंबतूरची एक मुलगी भाड्यानं राहते. हिंजवडीला नोकरी. मराठी शिकायचा चंग बांधलाय, संध्याकाळी माझ्याकडे वही घेऊन बसते. 'भोचक' आणि 'आगाऊ' हे शब्द तिच्या वहीत पहिल्याच पानावर आहेत, कारण पुण्यात ते आधी लागतात. परवा हिरमुसून आली. म्हणाली, "काकू, एक शब्द मी लिहूनच घेतला नव्हता. तो मला येतो असं वाटलं. लाईन."

त्या दिवशी झालं असं. सकाळी नळाला पाणी नाही, तर खालचे काका म्हणाले, "लाईन फुटलीय." कामाच्या मावशी पेढे घेऊन आल्या, "पोरगा लाईनीला लागला एकदाचा." रिक्षावाल्यानं सांगितलं, "माझा नंबर नाही ताई, लाईनीत पुढची घ्या." आणि ऑफिसात मैत्रीण कानाशी लागली, "तो कोपऱ्यातला तुझ्यावर लाईन मारतोय." या बिचारीला वाटलं, पट्टी घेऊन माझ्यावर रेघा कशाला मारेल कुणी?

मी मोजायला बसले आणि बाराव्या अर्थाला हात टेकले. तुमच्या घरात, धंद्यात, गावात लाईन कशाकशाला म्हणतात ते लिहा. शब्दकोशातलं नको, ते मला वाचता येतं. घडलेलं लिहा.

रुळावरचा

चौतीस वर्षं रेल्वेत काढली, तेव्हा पहिला मान माझा. सुरुवातीला मिरज लाईनवर एका छोट्या स्टेशनात होतो. एकेरी रूळ. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला घंटा देऊन 'लाईन क्लिअर' मागायची. त्यानं दिली की यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो कातडी पिशवीत, पिशवी एका मोठ्या कड्याला आणि कडं ड्रायव्हरच्या हातात. गोळा ज्याच्याकडे, पुढचा रूळ त्याचा. गोळा नाही तर गाडी नाही, मग आत कुणी मंत्री का बसलेला असेना.

हिला बघून आलो तेव्हा आठ दिवस तिकडून काही कळेना. मग मध्यस्थ मामांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर चारच शब्द: "लाईन क्लिअर. निघून या." मामाही रेल्वेतलेच. गोळा तेव्हापासून हिच्या ताब्यात आहे.

नातवाला मी मुंबई लाईनीची गोष्ट सांगतो. पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण बोरघाटातला मार्ग खुला झाला १८६३ मध्ये. मधली पाच वर्षं घाट पालखीतून नाहीतर आपापल्या पायांनी. लाईन होती, क्लिअर नव्हती.

शुद्धलेखन

रांग, ओळ, रेघ, रेषा, वाट, धंदा, दोरी, वाहिनी. इतके शब्द घरात असताना एका 'लाईन'वर संसार चालवायचा हा करंटेपणा आहे. एवढंच नोंदवून थांबतो.

बाकरवडी समर्थक

@शुद्धलेखन, रेशनला रांग असते. बाकरवडीला लाईन असते. दोन्हीकडे उभं राहून बघा, फरक कळेल.

लाईनबॉय

माझ्या नावातच आहे. वडील हवालदार, बालपण सगळं पोलीस लाईनीत. बाहेरच्यांना ती वसाहत, आम्हाला ती 'लाईन'. शाळेत "कुठला रे तू?" विचारलं की "लाईनीतला" एवढंच सांगायचं. समोरच्याची दादागिरी तिथंच निम्मी व्हायची.

दहा बाय बाराच्या दोन खोल्या, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास, आणि तिथंही सकाळी लाईन. म्हणजे लाईनीतल्या लाईनीत उभं राहून लाईनीतलं राजकारण ऐकायचं. बंदोबस्ताच्या दिवसांत, विशेषतः अनंत चतुर्दशीला, लाईनीत एक बाप्या दिसायचा नाही. आयांच्या ताब्यात सगळा मुलूख. सगळं गाव मिरवणूक बघायचं आणि आम्ही घरीच, कारण मिरवणुकीतला दोर धरून उभा असलेला माणूस आमचा होता.

लाईनीत राहून लाईन मारायची मात्र कुणाची छाती नव्हती. तिचे वडील कोण आणि त्यांचा हात केवढा, हे आधीपासून माहीत असायचं.

पहाटे साडेचार

अकरावी-बारावीत कोथरूडला पेपर टाकायचो. आमच्यात लाईन म्हणजे ठरलेली घरं. माझी ११० घरांची होती. कुठल्या जिन्यात कुत्रं आहे, कुणाला पेपर दाराच्या कडीत हवा, कोण रविवारी दोन घेतो, हे सगळं मिळून 'लाईन'. ती पाठ असते, कागदावर नसते. नवा पोरगा आला की आठ दिवस बरोबर फिरवून त्याला 'लाईन दाखवावी' लागते. आणि ही लाईन विकतासुद्धा येते, दुकानासारखी. आमच्या मालकांनी गुडघे गेल्यावर विकली. घेणाऱ्यानं पैसे कशाचे दिले, असं आता वाटतं. ना जागा, ना माल. नुसती ११० दारं.

रात्रपाळी

नर्स आहे. आमच्याकडे लाईन म्हणजे शिरेत घातलेली सुई आणि तिला जोडलेली नळी. "लाईन मिळत नाहीये", "लाईन गेली, दुसऱ्या हाताला घ्या", हे आमचं रोजचं. एका रात्री डॉक्टर राउंडला आले आणि मला म्हणाले, "आजोबांची लाईन काढा आता." बाहेर त्यांचा मुलगा ऐकत होता. धावत आला, हात जोडून म्हणाला, "मॅडम, असं नका करू, आम्ही सकाळी सहापासून लाईनीत आहोत." हसू दाबून त्याला समजावलं की आजोबा बरे होतायत, सलाईन बंद करायचंय. तो मटकन बाकावर बसला आणि रडायलाच लागला. मग मला हसल्याचीही लाज वाटली.

खोली सदाशिव पेठेत, जीव गावाकडं

मी एमपीएससीवाला. परभणी जिल्ह्यातला. इथं आमचं आयुष्यच या शब्दात बसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली लाईन अभ्यासिकेची. जागा ठरलेली नसेल तर पहाटे दारात जाऊन थांबायचं. दुसरी मेसची. तिसरी म्हणजे आम्ही निवडलेला रस्ता. "किती वर्षं झाली या लाईनीत?" हा शास्त्री रोडवरच्या चहाच्या टपरीवरचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर देणारा आकडा नेहमी एकानं कमी सांगतो. मीही सांगतो. कुणी गावी परत गेला की आम्ही 'नापास झाला' म्हणत नाही, 'लाईन सोडली' म्हणतो. ऐकायला बरं वाटतं, जणू काही त्यानंच सोडली.

चौथी लाईन अण्णांची. आमच्याकडं विजेलाच लाईन म्हणतात. पुण्यात लाईट जातात, आमच्याकडं लाईन जाते. शेताला थ्री फेज पुष्कळदा रात्रीच मिळते, मग अण्णा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात. मागच्या हिवाळ्यात त्यांचा रात्री दोनला फोन आला. मी जागाच होतो. बोलणं असं:

"झोपला न्हाईस?"

"वाचतोय. तुम्ही?"

"लाईन आली, म्हणून आलतो हरभऱ्याला पाणी द्यायला." मग थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग म्हणाले, "तुझी लाईन कवा येती म्हणायची?"

त्यांनी विनोदच केला होता. मी हसलो पण. आणि तेवढ्यात फोनची लाईन कट झाली.

कसब्यातली काकू

@खोली सदाशिव पेठेत, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना? कसब्यात या जेवायला. पत्ता निरोपात देते. बाकीच्यांनी लाईन लावू नये.

चुना-विटा

बांधकामात आहे. पाया खणायच्या आधी जमिनीवर फक्कीनं रेघा ओढतात, त्याला आम्ही 'लाईनआऊट' म्हणतो. मालक त्या दिवशी सहकुटुंब येतो, चुन्याच्या चौकोनात उभा राहतो आणि हमखास म्हणतो, "हॉल एवढासाच?" पंचवीस वर्षांत एकानंही वेगळं वाक्य उच्चारलेलं नाही. उघड्या जमिनीवर खोली लहानच दिसते, भिंती चढल्या की मोठी वाटते, हे सांगून सांगून तोंड दुखलं.

दुसरी वस्तू 'लाईनदोरी'. गवंडी विटांचा थर सरळ येण्यासाठी दोन टोकांना बांधतो ती. दुकानात नुसती दोरी मागितली तर भलतीच देतात.

जवस

@चुना-विटा, तुमच्या लाईनदोरीनं माझा दिवस सार्थकी लागला. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला 'लिनुम' म्हणत. त्याच्या खोडातल्या धाग्यापासून दोरा, तो 'लिनेआ', म्हणजे ताणलेला दोरा. त्यावरून सरळ रेघ, आणि तिथून इंग्रजीतली लाईन. लिनन कापड त्याच घरातलं, कोटाच्या आतलं लायनिंगही. म्हणजे तुमचा गवंडी 'दोरीदोरी' म्हणतोय. आणि मूळ अर्थाशी या धाग्यातला सगळ्यात इमानी माणूस तोच आहे.

माझ्या आजीची जवसाची चटणी खाताना मी वीस वर्षं लाईन चघळत होते, हे मला ठाऊक नव्हतं.

शुद्धलेखन

थांबतो म्हटलं होतं, पण राहवत नाही. एक मान्य करतो. इंग्रजीत हा शब्द ना बाई ना बुवा. आपण तिला स्त्रीलिंगी केली. 'ती लाईन, त्या लाईनी'. पुढे तिचं सामान्यरूपही केलं, 'लाईनीत', 'लाईनीला', अगदी बहिणीत-विहिणीला बसवतो तसं. शहरी मंडळी 'लाईनमध्ये' म्हणून तिला अंतरावर ठेवतात. मावशी 'लाईनीला लागला' म्हणतात तेव्हा ती घरची झालेली असते. माझा 'करंटेपणा' मागे घेतो. अर्धा.

हिंजवडी फेज तीन

आमच्याकडे एकच लाईन, डेडलाईन. शब्दाचा उगम वाचल्यापासून मॅनेजरकडे आदरानं बघतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. आमच्याकडे नुसतं मेल येतं.

नातीचा आजोबा

मेट्रोच्या दोन लाईनी. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट पर्पल, वनाज ते रामवाडी ॲक्वा. आमच्या घरात मात्र 'वांगी लाईन' आणि 'आकाशी लाईन'. हिनं ठेवलेली नावं आहेत, आता नातही तेच सांगते मैत्रिणींना.

नदीकाठ

सगळे हसतखेळत लिहिताहेत, मी जरा वेगळं लिहिते. सिंहगड रोडला घर बघत होतो तेव्हा एजंट नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, निळ्या लाईनीच्या बाहेर आहे, बिनघोर घ्या." घरी येऊन शोधलं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येईल अशा पुराची. आम्ही या दोन्हींच्या मधे येत होतो. त्यानं 'बाहेर' एवढंच सांगितलं, कशाच्या आत ते नाही सांगितलं. घर घेतलं नाही. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तो नकाशा पुन्हा काढून बघितला.

पण मला खरं सांगायचंय ते माहेरचं. नारायण पेठेतला आमचा वाडा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाणी माजघरात आलं. ओसरल्यावर आजोबांनी भिंतीवर पाणी पोचलं होतं तिथं गेरूनं रेघ ओढली. दर दिवाळीला रंग द्यायचा, पण ती जागा सोडून. आम्ही मुलं तिच्याखाली उभं राहून उंची मोजायचो. सातवीत मी तिच्या वर गेले तेव्हा आजी म्हणाली, "आता बुडायची नाहीस."

तिला आमच्या घरात कुणीही कधी लाईन म्हटलं नाही. ती रेघच होती.

शुद्धलेखन

@नदीकाठ, नमस्कार करतो.

लाईनमारे (निवृत्त)

पन्नास जणांनी लिहिलं तरी मूळ विषयावर कुणी येईना म्हणून कर्तव्यभावनेनं लिहितो. फर्ग्युसन रोड. लाईन मी मारली, ती तिनं दिली नाही, मैत्रिणीनं दिली. चौदा वर्षं झाली, दोन मुलं आहेत. तपशील विचारू नये, बायको हा धागा वाचते.

कसब्यातली काकू

वही भरली पोरीची. 'लाईन'ला चार पानं लागली, त्यात 'लाईन देणे'समोर तिनं स्वतःच्या अक्षरात 'नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे कोपऱ्यातल्याचं काही खरं नाही.

आज गुरुवार, पाणी बंद. संध्याकाळी पाणी सोडणारे काका खाली दिसले तर ही गॅलरीतून ओरडली, "काका, लाईन आली का?"

त्यांनी मान वर केली. "कुठली?"