पान निळं होत नाही, याची कारणं

‘पानातल्या स्टार्चचा प्रयोग शाळेत कधी जमत नाही, व्हिडिओ पुरे’ हे मत पटलं नाही. प्रयोग असा: पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकून झाड उन्हात ठेवायचं, मग अल्कोहोलने पानाचा हिरवा रंग काढून त्यावर आयोडीन घालायचं; जिथे स्टार्च (प्रकाशात पानात तयार होणारं पिष्ट) असेल तिथे पान निळं होतं. प्रयोग फसतो त्याची कारणं ठरलेली आहेत, आणि ती शोधताना मुलं खरं जीवशास्त्र शिकतात.

सर्वात मोठी चूक म्हणजे कुंडी एकच रात्र अंधारात ठेवणं. पूर्ण 48 तास ठेवा. नाहीतर आधीचा स्टार्च शिल्लक राहतो आणि काळ्या कागदाखालचा भागही निळा होतो. मग काळ्या कागदाची पट्टी लावून 4-6 तास ऊन. पान पातळ निवडा. क्रोटनसारख्या जाड, मेणचट पानाचा रंग लवकर उतरत नाही.

पान उकळत्या पाण्यात 1-2 मिनिटं ठेवायची पायरी वेळ वाचवायला गाळतात. तिथेच पेशीपटल फुटतं; ते फुटलं नाही तर आयोडीन आत नीट शिरत नाही. मग रंग काढायला पान अल्कोहोलमध्ये. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं आणि चटकन पेटतं, म्हणून बर्नर बंद करून, पान आणि अल्कोहोल असलेली परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात धरा. थेट ज्योतीवर कधीच नाही! पान पांढुरकं आणि कडक होतं, ते कोमट पाण्यात बुडवून मऊ करा.

आयोडीन घालण्याआधी पान थंड होऊ द्या, कारण उष्णतेने निळा रंग जातो. आयोडीनचं द्रावण दाट असेल तर सगळंच काळपट दिसतं. 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात 1 ग्रॅम आयोडीन, मग पाणी घालून 300 मिलि. नुसत्या पाण्यात आयोडीन जेमतेमच विरघळतं.

झाकलेला भाग तरीही निळा झाला, तर ‘असं का?’ हे मुलांना वहीत लिहू द्या.