पहिली एपीआय कशी बनवली? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

सीताबर्डीला क्लास करणारी पोरं नेहमी विचारतात, पायथॉन येतं पण एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) कुठून सुरू करू. ज्यांनी बनवली त्यांनी लिहा ना भौ. मी सुरुवात करतो.

आमच्या मामाची कळमन्यात संत्र्याची अडत आहे, दिवसभर फोन, आज भाव काय, आज भाव काय. फ्लास्क (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) घेतलं, एका लिस्टमध्ये भाव टाकले आणि '/भाव' या पत्त्यावर गेट (GET, म्हणजे माहिती मागायची रिक्वेस्ट) ठेवलं. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. ब्राउझरमध्ये जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा फॉरमॅट) दिसलं, मामा म्हणे मोबाईलवर दिसते का रे? लॅपटॉपवर 127.0.0.1 चालतं पण ते त्याच मशीनपुरतं, म्हणून होस्ट 0.0.0.0 केला (म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनलाही दिसते), दोघं एकाच वायफायवर, फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी आणि पुढे :5000 (फ्लास्कचा पोर्ट) टाकलं की आलं. नवीन पोरांनी हेच आधी करावं, आपल्याच घरातलं कोणीतरी वापरेल अशी एकच गोष्ट.

—

मी फास्टएपीआय (हेही पायथॉनचंच फ्रेमवर्क) वापरून शिकली. '/डॉक्स' उघडलं की टेस्ट करायचं पान आयतं मिळतं (पत्ता अर्थात इंग्रजीतच टाकायचा). भाव इंट (पूर्णांक) ठेवला आणि मुद्दाम 'चाळीस' असं अक्षरात पाठवलं, तर 422 (पाठवलेला डेटा चुकीचा) हा स्टेटस कोड, म्हणजे उत्तरासोबतचा आकडा, आला आणि कुठल्या फील्डमध्ये गडबड आहे तेही सांगितलं. स्टेटस कोड मनापासून शिका! एका कामात समोरच्यांची एपीआय प्रत्येक वेळी 200 (सगळं ठीक) द्यायची आणि आत मेसेजमध्ये एरर, आमचं ॲप सगळं ठीक समजून पुढे जायचं, शोधता शोधता डोकं उठलं. रेकॉर्ड नाही तर 404, नवीन बनलं तर 201, आपला कोड फुटला तर 500, एवढं तरी पाळाच.

—

एपीआय पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायचं ॲप) चालते आणि ब्राउझरमधल्या आपल्या वेबपेजवरून नाही, तर आधी कॉर्स (एका साइटच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरची एपीआय वापरू द्यायची का, याचा नियम) बघा. अडवतो तो ब्राउझर, सर्व्हरवर परवानगीचं हेडर लावा.

—

मे महिन्यात आमच्याकडे लाइट गेली की डेस्कटॉप बंद, आणि लिस्टमधला डेटा गेला, कारण ती फक्त मेमरीत असते. त्यासाठी एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) घ्या, पायथॉनसोबतच येतं, वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहते. फक्त युजरने पाठवलेलं थेट क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आदेशात) जोडू नका, त्याच्या जागेवर प्रश्नचिन्ह ठेवा आणि व्हॅल्यू वेगळी द्या, नाहीतर कोणीही डेटा उडवून जाईल.