मदत हवी आहे: ठाण्याच्या नौपाड्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. मावशी-काकांसाठी काय करावं?

नमस्कार मंडळी,

मावशी ७४, काका ७९. मूलबाळ नाही, त्यामुळे धावपळ माझ्याकडे, आणि मी राहते नेरूळला. नौपाड्यात त्यांचा स्वतःचा वन बीएचके आहे, बिनालिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मावशी चारदाच खाली उतरली, त्यातही दोनदा डॉक्टरांकडे. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते.

रीडेव्हलपमेंटची बोलणी सहा वर्षं चालूच आहेत. बाहेरून लिफ्ट बसवायचा विषय काढला, तर तळमजलेवाले म्हणाले, आम्ही कशाला पैसे भरायचे? त्यांचंही खोटं नाही म्हणा.

विकून घोडबंदरला जायला काका तयार नाहीत. "तिथे मला ओळखतं कोण?" कर्जत-नेरळकडचे ज्येष्ठांसाठीचे प्रकल्पही बघितले. महारेराने (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी रॅम्प, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, ९०० मिमीचे दरवाजे वगैरे निकष घातलेत, ते उत्तमच. पण डिपॉझिट आणि दरमहाचा खर्च काकांच्या ३१ हजार पेन्शनमध्ये बसत नाही.

मग रिव्हर्स मॉर्गेज बघितलं, म्हणजे स्वतःचं घर बँकेकडे गहाण ठेवून तिच्याकडून पैसे घ्यायचे. साठीनंतर मिळतं, हप्ता भरायचा नाही, दोघांपैकी एक जण असेपर्यंत घर सुटत नाही. पण एक अट अशी की त्याच घरात राहायचं. म्हणजे पैसे येणार आणि जिना तिथेच! हसावं की रडावं कळेना.

म्हणून माझ्या मनात आहे की त्यांचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि नौपाडा, पाचपाखाडी किंवा चरईत लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर भाड्याने घ्यायचं. वरचे नऊ-दहा हजार मी आणि भाऊ मिळून घालू. (तळमजला वंदना टॉकीजजवळचा नको, पावसाळ्यात पाणी भरतं.)

भीती अकरा महिन्यांच्या कराराची आहे. या वयात दरवर्षी सामान हलवायचं आणि वर ब्रोकरला महिन्याचं भाडं? कुणी ३३ किंवा ३६ महिन्यांचा रजिस्टर्ड करार केलाय का? मधेच घर खाली करायला सांगता येणार नाही असं कलम मालक मान्य करतात का? आणि रीडेव्हलपमेंट खरंच सुरू झालं, तर आमच्या भाडेकरूने वेळेत जागा सोडावी म्हणून करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

एका मालकाने काकांचं वय ऐकून फोनच ठेवला. बाथरूमला पायरी नसलेली जागा कुणाच्या माहितीत असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.