हुकूमशहावर हसून काय साधतं? ‘द ग्रेट डिक्टेटर’ आणि युद्धाच्या ऐन धामधुमीतलं स्लॅपस्टिक (मारझोड-धडपडीचा विनोद)

अवंती_क
काल भाच्याबरोबर चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) पुन्हा पाहिला. तो आठवीत आहे. त्यातला हुकूमशहा हिंकेल, म्हणजे चॅप्लिनने केलेली हिटलरची नक्कल, पृथ्वीच्या गोलाचा फुगा उडवत नाचतो तिथे पोरगा खदाखदा हसला. फुगा फुटला, हिंकेल रडायला लागला, तेव्हा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, “आत्या, हे सगळं चालू असतानाच काढलाय का हा?”

हो, चालू असतानाच. जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला केला आणि त्याच महिन्यात चॅप्लिनने चित्रीकरण सुरू केलं. अमेरिका युद्धात उतरायला अजून दोन वर्षं होती.

माझं ठाम मत आहे की त्या वेळी हिटलरला याहून नेमका फटका कुणी दिला नाही. त्याची निम्मी ताकद देखाव्यात होती. मशाली, झेंडे, एका ठेक्यात पडणारे हजारो बूट. अग्रलेख लिहून तो देखावा मोडत नाही. हिंकेलचं भाषण आठवा. तो असा डरकाळतो की माइकच घाबरून मागे वाकतो, आणि एवढ्या थयथयाटाचा दुभाषा शांतपणे एका ओळीत निकाल लावतो. किंवा तो न्हाव्याच्या खुर्च्यांचा प्रसंग. हिंकेल आणि नापालोनी (ही इटलीच्या मुसोलिनीची नक्कल) शेजारी बसलेत, मी वर की तू वर म्हणून दोघंही आपापली खुर्ची चढवत नेतात, पार छताला टेकेपर्यंत. हे एकदा पाहिलेला माणूस हिटलर-मुसोलिनीच्या भेटीचा फोटो पुन्हा आदराने पाहूच शकत नाही.

जुना_प्रेक्षक
अवंतीताई, सिनेमा थोर आहे, पण मुद्दा पटला नाही. खुद्द चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की छळछावण्यांमधली भीषणता तेव्हा ठाऊक असती, तर हा सिनेमा काढताच आला नसता. करणाराच हे म्हणत असेल तर आपण कशाला त्याची वकिली करायची?

ज्यू वस्तीतला प्रसंग घ्या. वर्दीतले गुंड ज्यू न्हाव्याला (हाही चॅप्लिनच, हिंकेलसारखाच दिसणारा) धरतात, शेजारची हॅना वरच्या खिडकीतून तवा हाणते, चुकून तोच तवा न्हाव्यालाही बसतो आणि तो गुंगीत फुटपाथच्या कडेने तरंगत चालतो. मी तरुणपणी यावर पोट धरून हसलोय. आता हसू येत नाही. खऱ्या वस्तीत तवा उचलणारी बाई दुसऱ्या दिवशी जिवंत राहिली असती का?

आणि हसून हसून आपण काय केलं? घरात कुणी जरा कडक असलं की “आमच्याकडचा हिटलर” म्हणतो. लाखो माणसं मारणाऱ्याचं नाव आपल्याकडे चेष्टेचं झालंय.

मंदार७९
थोडी माहितीची भर. चॅप्लिनच्याही नऊ महिने आधी, जानेवारी १९४० मध्ये, थ्री स्टूजेस या अमेरिकन विनोदी त्रिकुटाने हिटलरची टर उडवणारा छोटा चित्रपट आणला होता. मो, कर्ली, लॅरी तिघेही ज्यू. कानफटात मारणं, डोळ्यांत बोटं घालणं हा त्यांचा नेहमीचा माल, यावेळी फक्त मिशी लावून.

त्याहून मला आवडतं ते १९४२ मधलं ब्रिटिश काम. चार्ल्स रिडलीने नाझींची प्रचारपट दिग्दर्शिका रीफेनश्टाल हिच्या न्यूरेंबर्ग मेळाव्याच्या फिल्ममधली संचलनाची दृश्यं घेतली, पुढे-मागे, पुढे-मागे चालवली आणि ‘लँबेथ वॉक’ या नाचाच्या गाण्यावर बसवली. एकही नट नाही. त्यांचेच सैनिक, त्यांचेच बूट, आणि सगळे नाचतायत! अवंतीचा देखाव्याचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू होतो.

सुलभा_प
मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतंय. पण या विषयात दिग्दर्शक लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) मला जास्त जवळचा. लुबिच बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू, आणि गोष्ट नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सामधल्या (पोलंड) नाटक कंपनीची. तेव्हा त्याच्यावर खूप टीका झाली. नाझी अधिकारी एका नटाबद्दल म्हणतो, त्याने शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. या वाक्यावर लोक खवळले होते.

त्यातला ग्रीनबर्ग बघा. आयुष्यभर हातात भाला धरून मागे उभं राहणारा नट, शेक्सपिअरच्या नाटकातला ज्यू सावकार शायलॉक करायची इच्छा मनातच राहिलेला. शेवटी त्याला शायलॉकचं भाषण मिळतं ते खऱ्या नाझी सैनिकांच्या गराड्यात. तिथे हसू येतं आणि घशात आवंढाही येतो. जुना_प्रेक्षक काका, तव्याच्या प्रसंगात तुम्हाला जे खटकतं, ते इथे खटकणार नाही.

अवंती_क
काका, चॅप्लिनचं ते वाक्य मला माहीत आहे आणि त्याबद्दल त्याचा आदरच वाटतो. पण ते युद्ध संपल्यावरचं शहाणपण. डिसेंबर १९४० मध्ये सिनेमा लंडनला लागला तेव्हा शहरावर बॉम्ब पडत होते. ज्यांच्या डोक्यावर मरण होतं ते तिकीट काढून हसायला जात होते, त्यांना हे हसू स्वस्त वाटलं नव्हतं. आणि स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको जिवंत होता तोवर हा सिनेमा दाखवू दिला नाही. निरुपद्रवी गोष्टीवर कुणी एवढी वर्षं बंदी घालतं का?

जुना_प्रेक्षक
लंडनचा मुद्दा मान्य. ते माझ्या लक्षात नव्हतं. सुलभाताईंचा ग्रीनबर्गही मान्य.

पण मग शेवटाचं काय? न्हाव्याला हिंकेल समजून व्यासपीठावर उभं करतात आणि चॅप्लिन सगळा विनोद बाजूला ठेवून काही मिनिटं थेट आपल्याशी बोलतो. स्लॅपस्टिकवर पूर्ण भरवसा असता तर त्याने भाषण केलंच नसतं. त्या क्षणी त्यालाही कळलं होतं की हसणं पुरत नाही.

अवंती_क
यावर रात्रभर विचार केला. त्याला व्यासपीठापर्यंत पोचवलं ते विनोदानेच, दोन सारख्या चेहऱ्यांच्या घोटाळ्याने. पण पुढे विनोद थांबतो, हे तुमचं खरं आहे.

त्या भाषणानंतर भाचा जे बोलला ते सांगते. सुरुवातीच्या भाषणात हिंकेल नुसता हात हलवतो आणि गर्दीच्या टाळ्या नळ बंद केल्यासारख्या थांबतात, ते त्याच्या चांगलं लक्षात होतं. तो म्हणाला, “आत्या, याच्या भाषणालाही तशाच टाळ्या पडल्या. मग लोकांना कळलं काय?”

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा, मी त्याला वाचून दाखवेन.