सरकारी आरोग्य योजना काउंटरवर कशी चालते? अनुभव लिहा

२ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. मग ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मोफत उपचाराचं दीड लाखाचं कवच आता पाच लाखांचं झालंय, पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना लागू आहे. जाहिरातीत एवढं कळतं. पेशंट घेऊन काउंटरवर उभं राहिल्यावर काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहावं. काम कुठे अडलं आणि कसं सुटलं, हे विशेष करून लिहा. हॉस्पिटल-डॉक्टरांची नावं नकोत.

मीरा, सातारा
सासऱ्यांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. ज्या खासगी हॉस्पिटलात नेलं तिथे दारातच योजनेचा मोठा बोर्ड होता. काउंटरवर मात्र उत्तर मिळालं, "योजनेचे बेड फुल आहेत, डिपॉझिट भरा." आरोग्यमित्राच्या, म्हणजे पेशंटला मदत करायला योजनेने बसवलेल्या माणसाच्या टेबलावर कोणीच नव्हतं. नणंदेच्या यजमानांनी तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की तातडीच्या पेशंटला फोनवरून मंजुरी मिळते, कागद नंतर दिले तरी चालतात. यजमानांनी मोबाइल सरळ काउंटरवरच्या मुलाच्या कानाला लावला. थोड्या वेळात बेड निघाला!
सकाळी नवीन अडचण उभी राहिली. रेशनकार्डावर सासऱ्यांचं पूर्ण नाव, आधारवर नुसती आद्याक्षरं. दीर गावी जाऊन तलाठ्याला भेटून आले. तोवर आरोग्यमित्रही कामावर आला होता. पोरगा खरंच चांगला, प्रत्येक कागद त्याने स्वतः अपलोड केला. अँजिओप्लास्टी झाली, आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. डिस्चार्जच्या वेळी औषधं आणि घरी जायचं गाडीभाडंही मिळालं. नातेवाइकांना मी आता एकच सांगते: कुटुंबातल्या सगळ्यांची रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं आजच जुळवून घ्या.

कुडाळकर
आमच्याकडे "बांबुळीक न्हेल्यानी" (बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेलं) म्हटलं की केस मोठी आहे हे समजतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला मुंबई लांब, गोवा मेडिकल कॉलेज जवळ. २०१८ च्या सुरुवातीपासून गोव्याने परराज्यातल्या पेशंटना तिथे पैसे आकारायला सुरुवात केली. गोव्याचंही चुकलं म्हणता येत नाही, त्यांच्या दवाखान्यावर आमचा भार होताच. पण त्या दिवसांत वडिलांचं पोटाचं ऑपरेशन आलं आणि काजूचे आगाऊ पैसे उचलून भरणा करावा लागला. दोडामार्गाकडे लोकांनी आंदोलन केलं. पुढे आपल्या राज्याची योजना गोव्याच्या त्या कॉलेजात लागू झाली, सिंधुदुर्गातच ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. माझा राग एवढाच, की हे कॉलेज वीस वर्षं आधी हवं होतं.

आशाताई (जिल्हा सांगत नाही)
१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. बायकांना याचा फार फरक पडला. पूर्वी नवऱ्याकडे पैसे मागावे लागतात म्हणून अंगावर दुखणं काढायच्या, आता शेतावर जाता जाता बीपी तपासून घेतात. टीबीच्या पेशंटला पोषणाचे महिन्याला पाचशे मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. पण खात्यावर वेळेत येत नाहीत. अंडी, शेंगदाणे रोज लागतात हो, पैसे तीन महिन्यांनी येऊन काय उपयोग?

पुण्याहून एक बहीण
धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. भावाच्या वेळी हे आम्हाला शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सांगितलं, हॉस्पिटलने नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन हॉस्पिटलातल्याच वैद्यकीय समाजसेवकांकडे गेलो, तेव्हा बिल निम्म्यावर आलं. दाखला आधीच काढून ठेवलेला असेल तर ही धावपळ वाचते.

लातूरचा मुलगा
आईचं वय ७४. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, म्हणून काढायला गेलो. शेतात राबून बोटं घासली आहेत, ठसे उमटेनात. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. या कार्डावर ते कोणी करून घेतलंय का? आधी सरकारी दवाखान्याचा कागद मागतात का, तेही सांगा.