आयबीएम आय: जर्नल नोंदीतला ८ बाइटी टाइमस्टॅम्प कसा सोडवायचा? सल्ला हवा

सबफाईल
आयबीएम आय ७.३ (आयबीएमच्या बिझनेस सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम). जर्नलच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या, नोंदी एका जुन्या प्रोग्रामने फाइलमध्ये जशाच्या तशा टाकून ठेवल्यात, साधारण ४० लाख. रिसीव्हर (जर्नलच्या मूळ नोंदी जिथे साठतात ते) केव्हाच डिलीट झालेत. हेडरमधला टाइमस्टॅम्प डीटीएस, म्हणजे सिस्टमच्या घड्याळाचे कच्चे ८ बाइट. दर नोंदीला क्यूडब्ल्यूसीसीव्हीटीडीटी (तारखेचा फॉरमॅट बदलणारा एपीआय) कॉल केला की बॅच रांगते. अटी: फ्री फॉरमॅट आरपीजीच (या मशीनची प्रोग्रामिंग भाषा), सी कंपायलर नाही, डेटा मशीनबाहेर न्यायचा नाही. हव्यात त्या एकाच दुपारच्या नोंदी.

हिरवापडदा
एवढी उठाठेव कशाला? डिस्प्ले जर्नल हे जर्नल वाचणारं एसक्यूएल टेबल फंक्शन वापरा, एंट्री टाइमस्टॅम्प तयारच मिळतो. आम्ही दुसरं काही वापरतच नाही.

सबफाईल
रिसीव्हर डिलीट झालेत, वर लिहिलंय.

स्टोअरक्लॉक
सोपं आहे. १ जानेवारी १९०० पासून मोजा, ४०९६ ने भागा, झाले मायक्रोसेकंद. मेनफ्रेमवर वर्षानुवर्षं हेच चालतं.

बिटखोर
४०९६ बरोबर, १९०० साफ चूक. या मशीनचं शून्य म्हणजे २३ ऑगस्ट १९२८, १२:०३:०६.३१४७५२. तारीख विचित्र वाटते, पण ८० आणि पुढे सगळी शून्यं असलेलं हेक्स बरोबर १ जानेवारी २००० च्या मध्यरात्रीवर बसावं म्हणून ती तशी येते.

आरपीजीत असं करा:
एका डेटा स्ट्रक्चरमध्ये एकाच जागी कॅर(८) (८ अक्षरं) आणि यूएनएस(२०) (चिन्हाशिवायचा ८ बाइटी पूर्णांक) ठेवा. आयएनटी(२०) (चिन्हासह पूर्णांक) ठेवलात तर २००० नंतरची प्रत्येक तारीख ऋण दिसेल. अपूर्णांक सोडून ४०९६ ने भागा. भागाकार आयएनटी(२०) मध्ये घेऊन त्यातून २२५१७९९८१३६८५२४८ वजा करा; आता २००० पासूनचे मायक्रोसेकंद हाती आले. १० लाखांनी भागून सेकंद आणि बाकी वेगळे करा, मग २०००-०१-०१ च्या टाइमस्टॅम्पमध्ये आधी सेकंद, मग उरलेले मायक्रोसेकंद मिळवा.

पडताळणी: हेक्स ९० आणि पुढे १४ शून्यं दिली की १ डिसेंबर २००८, १९:२९:३६.७१०६५६ आलंच पाहिजे.

स्टोअरक्लॉक
बरं. पण आमचं घड्याळ १७ सप्टेंबर २०४२ ला भरतं, हे लक्षात असू द्या.

बिटखोर
तुमचं. इथलं १० मे २०७१ पर्यंत चालतं.

क्वेरीबाई
भागाकारही नको. हेक्स काढलं की १६ अंक दिसतात, शेवटचे ३ उडवा. उरलेले १३ म्हणजे थेट मायक्रोसेकंद. मात्र एसक्यूएलमध्ये हे सगळे 'मायक्रोसेकंद' म्हणून तारखेत मिळवू नका. तो अवधी १५ अंकी दशांशात धरतात, आणि २००० पासून मोजलं तर ९ सप्टेंबर २०३१ ला १५ अंक संपतात. १० लाखांनी भागून 'सेकंद' म्हणून मिळवा, तिथे २७ अंक असतात आणि त्यातले १२ दशांशाचे.

जुनाजाणता
सीमध्ये शिफ्ट मारलं की दोन ओळींत काम होतं. कंपायलर घ्या की!

हिरवापडदा
+१. नाहीतर पायथन.

बिटखोर
धागा वाचता का हो तुम्ही?

आणखी एक. खरं घड्याळ वरच्या ४९ बिटांतच असतं, म्हणजे पायरी ८ मायक्रोसेकंदांची. खालचे १५ बिट दोन स्टॅम्प सारखे येऊ नयेत म्हणून असतात. त्यामुळे क्रम लावायचा तर रूपांतर न करता पूर्ण ८ बाइट ताडून पाहा.

क्वेरीबाई
टाइमस्टॅम्पच्या फील्डचा सीसीएसआयडी (अक्षरसंचाचा क्रमांक) ६५५३५, म्हणजे 'भाषांतर नको', आहे ना, तेवढं बघा. साधं कॅरेक्टर फील्ड ओडीबीसीतून (डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर) गेलं की ईबीसीडिकचं (आयबीएमचा अक्षरसंच) भाषांतर होतं आणि बाइट बदलतात. तारीख मग भलतीच निघते आणि लोक एपीआयला शिव्या घालतात.

पुणेरीबॅच
पार्टिशन (मशीनचा स्वतंत्र चालणारा भाग) अमेरिकेत असेल तर नोव्हेंबरात घड्याळ मागे जातं त्या रात्रीचा एक तास स्थानिक वेळेत दोनदा येतो. तिथे स्टॅम्पवर विसंबू नका, जर्नल सीक्वेन्स नंबर वापरा.

अवांतर: फिक्स्ड फॉरमॅट आरपीजी जास्त वाचनीय होतं.

जुनाजाणता
सहमत!

हिरवापडदा
मुळीच नाही.

सबफाईल
सगळ्यांचे आभार. यातलं काहीच करत नाहीये. एपीआय उलटा वापरणार: इनपुट वायवायएमडी (वर्ष, महिना, दिवस, वेळ अशी अक्षरं), आउटपुट डीटीएस. दुपारी १२ आणि ४, दोनच कॉल. मग कच्चे ८ बाइट या दोन मर्यादांमध्ये आहेत का ते ताडायचं, खालची धरून आणि वरची सोडून. जेवढ्या नोंदी उरतील तेवढ्यांनाच नेहमीचा कॉल.

क्वेरीबाई
चालेल. वायवायएमडीला १७ अक्षरं पूर्ण द्या, मिलिसेकंदांची ३ शून्यं धरून, नाहीतर मागे उरलेला कचरा वेळ म्हणून वाचला जाईल.

हिरवापडदा
डिस्प्ले जर्नल बरं होतं.